अस्तर

कोरलीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये,
मागच्या पायरीवरल्या बर्फाची मेहेरबानी.
चर्चच्या सोडतीला अकरा दिवस,
आणि टेबलावर तिची गोधडी, वरचं अंग जोडून तयार:
निळे-तपकिरी त्रिकोण, दोनशे अठ्ठ्याऐंशी.
मी मोजले. मोजणं मला जमतं.
मी हार्वेस्टर दुरुस्त करतो, निम्म्या तालुक्याचे.

"तूच शिव," ती म्हणाली.
सदतीस वर्षांत या मशीनला
तेल घालण्यापुरताच माझा हात लागला होता.

आधी जमीन.
अस्तर इस्त्री करून, उलटी बाजू वर,
चारी कडांना चिकटपट्टी.
मी ताणलं. ट्रकवर ताडपत्री ताणतात तसं.
टिचकी मारली असती तर वाजलं असतं.
"सोड," ती खुर्चीतून. "सोड, लोवेल.
ताणलेलं कापड पट्टी काढली की आपल्या मापावर येतं,
आणि येताना वरच्यालाही मुठीत गोळा करतं.
सपाट हवं. ताठ नको."

सगळ्या पट्ट्या काढल्या. पुन्हा लावल्या.
कापसाचा थर आदल्या रात्रीच उलगडून ठेवलेला,
घड्या त्याच्या त्यानं विसराव्यात म्हणून.
मधून कडेकडे तळवा फिरवत गेलो,
मग पिना, तळव्याएवढ्या अंतरानं.
"तुझा नव्हे, माझा तळवा."
खाली वाकून तिनं डावा हात कापडावर टेकवला.
तेवढं माप.
तीनशे चाळीस पिना. दोन गुडघे.

मशीनचा चालता पाय मात्र मला लगेच कळला.
एरवी खालचे दाते कापड ओढतात, वरचा पाय नुसता उभा,
म्हणून वरचा थर मागे रेंगाळतो
आणि आडवी शिवण आली की तिथे ढीग घालतो.
या पायाला वरूनही दाते. दोन्ही थर एका चालीनं.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात,
इथे पाय पाहून अंथरूण सरकवायचं.

दाब सैल केला, टाका लांब.
मधल्या रेघेपासून सुरुवात.
ओझं टेबलाखाली लोंबलं की सुई वाकते,
म्हणून डावीकडे इस्त्रीचं टेबल, मागे दोन खुर्च्या,
हातात भांडी घासायचे रबरी मोजे, बोटं कापलेले.
"ढकलू नकोस."
बरं.
"ओढूही नकोस."
मग माझं काम काय?
"पुढचा वीतभर रस्ता मोकळा ठेवायचं."

बाहेर उणे बावीस. बर्फ ढकलणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरून निघून गेला.
नेब्रास्कात जानेवारी असाच जातो,
आवाज करत, दुसऱ्याच्या दारावरून.

तिसऱ्या रात्री गोधडी पालथी केली.
एक चुणी. नखाएवढी. कोपऱ्याजवळ.
कुठली ते मला नेमकं ठाऊक होतं:
ड्वाइट प्रोचास्काचा फोन, त्याच्या धान्याच्या नळीत काहीतरी अडकलेलं,
माझा एक कान तिकडे, आणि पाय पॅडलवर
हवा त्याहून जड.
मी पटकन सुलटी केली. वरून काहीच दिसत नव्हतं.
वरून सगळं छान.

कोरली काही बोलली नाही.
प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी
उसवणी माझ्याकडे सरकवली.

एकोणतीस टाके.
प्रत्येक तिसरा कापायचा, मग खालचा दोरा
फारशी कुरकुर न करता निघून येतो.
उरलेल्या भोकांवर पाणी शिंपडलं, वाफ दिली,
कापड हळूहळू मिटलं.
मग तेवढीच रेघ परत. या वेळी फोन फ्रीजवर.

सोडतीत गोधडी आयोला वीबीला लागली.
टाळ्या वाजत होत्या, आणि तिनं आधी काय केलं?
पालथी केली,
आणि खालून हात फिरवत गेली, पार कोपऱ्यापर्यंत.

कोरलीनं मला कोपरखळी मारली,
प्लॅस्टरच्या हातानं.
लागली.